आधी कोणता प्रश्न विचारला?

प्रश्न : मेंदूत क्वांटम क्रिया, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगातल्या क्रिया, चालतात, म्हणून आपले निर्णय डळमळीत असतात, असे ऐकले. खरे का?

उत्तर : तसा पुरावा नाही. मेंदूच्या उबेत क्वांटम अवस्था (एकाच वेळी अनेक शक्यता जिवंत असणे) सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात किंवा त्याहून लवकर मोडते, असा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये मांडला. चेतापेशीचे काम मिलिसेकंदांत, म्हणजे त्याहून कितीतरी सावकाश चालते. निर्णयांना क्वांटम गणित लावणारे जेरोम बुसमायर, पीटर ब्रूझा यांच्यासारखे अभ्यासक मेंदूच्या पेशींबद्दल दावा करतच नाहीत. ते क्वांटम सिद्धांताचे फक्त गणित वापरतात.

प्रश्न : मग त्या गणिताने नवे काय कळते?

उत्तर : मला सर्वांत पटलेले उदाहरण सांगतो. १९९७ मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत अमेरिकी लोकांना विचारले होते : राष्ट्राध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक आहेत का? उपराष्ट्राध्यक्ष गोर आहेत का? क्लिंटनबद्दल आधी विचारले तेव्हा त्यांना ५० टक्के होकार मिळाले, गोरनंतर विचारले तेव्हा ५७. गोर यांना आधी विचारले तेव्हा ६८, क्लिंटननंतर ६०. पहिला प्रश्न मनातले मत नुसते मोजत नाही, मनाची अवस्थाच बदलतो. कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मोजताना क्रम बदलला की निष्पत्ती बदलते, तसेच हे.

एवढ्यावर मी मान डोलावली नसती. क्रमाचा परिणाम पाहणीवाल्यांना जुनाच माहीत आहे. पण या गणितातून एक नेमके भाकीत निघते : एकाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे एकूण प्रमाण दोन्ही क्रमांत सारखेच हवे. गॅलपच्या आकड्यांत ते दोन्हीकडे सुमारे २२ टक्के भरते! वांग, बुसमायर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ७० राष्ट्रीय पाहण्या तपासल्या, तिथेही हे भाकीत चांगले टिकले.

प्रश्न : पैज जिंकल्याचे किंवा हरल्याचे कळले, तरी माणूस पुन्हा खेळतो, निकाल कळला नाही तर मात्र थांबतो. हेही क्वांटमच का?

उत्तर : मानसशास्त्रज्ञ त्वर्स्की आणि शफीर यांच्या १९९२ च्या प्रयोगात जिंकल्याचे कळल्यावर ६९ टक्के, हरल्याचे कळल्यावर ५९ टक्के पुन्हा खेळायला तयार झाले, निकाल न कळता फक्त ३६. नेहमीच्या संभाव्यतेने हा आकडा ५९ ते ६९ च्या मधे यायला हवा. क्वांटम गणितात दोन शक्यता लाटांसारख्या एकमेकींना खोडू शकतात, त्यामुळे ३६ बसवता येतो. पण ‘बसवता येतो’ एवढेच. शिवाय २००१ मध्ये इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. म्हणून माझा भर वरच्या क्रमाच्या उदाहरणावर आहे. तिथे आकडा जुळवून घ्यायला मोकळीक नाही.