वाचकांचे प्रश्न : गेममधला तोचतोचपणा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. अमुक प्रकारचे गेम सगळ्यांना आवडतात, मला मात्र त्यांत तेच ते वाटते, तर माझे काही चुकते का, असा त्यांचा सूर आहे. त्यांतील चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी नोकरदार आहे. रात्री जेवणानंतर जेमतेम तासभर खेळायला मिळते. ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या मॅपवर हवे तिथे मोकळे फिरता येणारे गेम, सुरुवातीला फार आवडतात, पण दहा-बारा तासांनंतर मॅपवरची चिन्हे पुसत बसल्यासारखे वाटू लागते. मित्र म्हणतात, इतके स्वातंत्र्य दुसऱ्या कोणत्या प्रकारात मिळत नाही. ‘एल्डन रिंग’बद्दल मी हेच बोललो, तेव्हा तर त्यांनी मला वेड्यातच काढले. — एक वाचक, सांगली

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. ओपन वर्ल्ड हा आजच्या गेममधला सर्वांत तोचतोचपणाचा प्रकार आहे, असे माझेही मत आहे आणि ते मी पुरेसा विचार करून मांडत आहे.

२००७ साली आलेला पहिला ‘असॅसिन्स क्रीड’ आठवून पाहा. तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळातले, म्हणजे ११९१ सालचे दमास्कस, एकर आणि जेरुसलेम त्यात उभे केले होते. त्या शहरांच्या गच्च्यांवरून धावताना पहिल्या दिवशी जे वाटले होते, ते मी अजून विसरलेलो नाही. कथेत नऊ जणांचा काटा काढायचा असतो आणि प्रत्येकापूर्वी माहिती गोळा करायची असते. बाकावर बसून दोघांचे बोलणे चोरून ऐकायचे, कुणाचा तरी खिसा कापायचा, कुणाला तरी गल्लीत गाठून चोप द्यायचा आणि बोलते करायचे. पहिल्या दोन वेळा हे सारे थरारक वाटते. पाचव्या वेळी शहर वेगळे असते, माणसे वेगळी असतात, पण हात आपोआप चालू लागतात, कारण आपल्याला ठरवायचे असे काही उरलेले नसते. माझ्या दृष्टीने तोचतोचपणाची खरी खूण हीच आहे. तेच काम दुसऱ्यांदा करताना खेळणाऱ्याला नव्याने काही ठरवावे लागते का, एवढे तपासले की बहुतेक गेमचा निकाल लागतो.

याच गेममध्ये उंच मनोऱ्यावर चढले की आसपासचा मॅप उघडतो आणि त्यावर कामांची चिन्हे उमटतात. त्याच उबिसॉफ्ट कंपनीच्या २०१२ सालच्या ‘फार क्राय ३’मध्ये मनोऱ्यांच्या जागी रेडिओ टॉवर आले, काम मात्र तेच राहिले. पुढे दुसऱ्या कंपन्यांनीही ही रीत उचलली. २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या झेल्डा मालिकेतल्या गेममध्येही मनोरे आहेत. तिथे वर चढल्यावर मात्र डोंगर, नद्या आणि वाटा तेवढ्या मॅपवर उमटतात. १२० देवळे कुठे दडली आहेत, हे मॅप सांगत नाही. मनोऱ्याच्या टोकावर उभे राहून दुर्बिणीतून पाहायचे, दूरवर काही चमकले की स्वतःच्या हाताने खूण करायची आणि मग तिथवर कसे पोहोचायचे याचा विचार करायचा. चढण्याचे कष्ट दोन्हीकडे सारखेच असले, तरी एकीकडे ते संपतात तेव्हा दुसऱ्याने केलेली यादी हातात येते आणि दुसरीकडे स्वतःला पडलेला प्रश्न. या गेमलाही मी पूर्ण सूट देणार नाही, कारण त्यात कोरोक नावाचे ९०० छोटे वनजीव लपवलेले आहेत आणि त्यांची कोडी फार लवकर ओळखीची होतात.

मित्र ज्या स्वातंत्र्याची बाजू घेतात, त्याच स्वातंत्र्यातून हा दोष येतो, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे. कोणतेही काम कोणत्याही क्रमाने करता यावे किंवा सोडूनही देता यावे, असे ठरवले की एका कामाचा परिणाम दुसऱ्यावर पडू देता येत नाही. उत्तरेकडची चौकी आपण जिंकली की नाही, यावर दक्षिणेकडच्या गावाचे नशीब ठरवायचे तर शेकडो शक्यता लिहाव्या लागतील. मग प्रत्येक काम सुटे आणि आपल्यापुरते ठेवले जाते. त्यात हे गेम बनवायला अनेक शहरांतली शेकडो माणसे लागतात. उबिसॉफ्ट या कंपनीचे फ्रान्स-कॅनडाप्रमाणे आपल्या पुण्यात २००८पासून आणि मुंबईत २०१८पासून स्टुडिओ आहेत. असे वाटून केलेले काम एकत्र जोडायचे, तर सुट्या, सारख्या मापाच्या तुकड्यांचाच आधार घ्यावा लागतो. ज्या कामाचा कशावरच परिणाम होत नाही, ते विसाव्या वेळी कंटाळवाणे होणारच.

आता ‘एल्डन रिंग’. २०२२ सालच्या या गेममधला स्टॉर्मव्हेल किल्ला मी तीनदा खेळलो आहे आणि तिन्ही वेळा त्यात नवी वाट सापडली. पण मॅपभर विखुरलेली भुयारे आठवा. खाली उतरायचे, कळ शोधायची, बंद दार उघडायचे आणि आतल्या बॉसशी, म्हणजे तिथल्या बड्या शत्रूशी, लढायचे. त्या बॉसांपैकी कितीतरी पुढे पुन्हा भेटतात. लहान सोनेरी वृक्षांच्या पायथ्याशी उभा असलेला लाकडी राक्षस तर इतक्या ठिकाणी येतो की त्याची भीतीच उरत नाही. मॅप निम्मा असता, तर हा गेम आणखी मोठा ठरला असता, असे मी मनापासून मानतो.

रात्रीचा एकच तास हाती असेल, तर सेटिंगमध्ये मॅपवरची चिन्हे बंद करता येतात का ते आधी पाहावे आणि मुख्य कथेची वाट धरावी. बाजूची कामे वाटेत आली तरच करावीत. पंधरा तासांनी मन उडाले, तर गेम तिथेच सोडण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रश्न : माझे उलट आहे. मला रोगलाइक गेम मुळीच सहन होत नाहीत. मेले की पुन्हा पहिल्यापासून सुरू! दोन तासांची मेहनत वाया जाते. यापेक्षा जास्त तोचतोचपणा कुठे असू शकेल? मैत्रिणीच्या आग्रहाने ‘हेडीज’ घेतला, तोही आठवड्याभरात बंद केला. — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मेहनत वाया गेल्याचे दुःख खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. तरीही या प्रकाराला तोचतोचपणाचा दोष देणे मला पटत नाही. हा प्रकार तर तोचतोचपणाला कंटाळलेल्या मुलांनीच घडवला.

सुमारे १९८० साली कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ हा गेम लिहिला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. त्या काळचे साहसी गेम एकदा सोडवले की संपत, कारण खजिना दरवेळी त्याच खोलीत असे. बनवणाऱ्यालाही खेळताना धक्का बसेल, असा गेम या मुलांना हवा होता. म्हणून ‘रोग’मधल्या खोल्या आणि वाटा दरवेळी नव्याने मांडल्या जातात. पडद्यावर चित्रे नाहीत, फक्त अक्षरे आहेत. एक इंग्रजी अक्षर म्हणजे एक राक्षस आणि अशी सव्वीस अक्षरे. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोणत्या रंगाच्या औषधाने काय होते, हे प्रत्येक खेळीला बदलते. मागच्या वेळी निळ्या औषधाने जखम भरली म्हणून या वेळी डोळे मिटून निळे प्यायची सोय नाही. आठवणीवर विसंबता येत नाही, तर्क लढवावा लागतो आणि तर्क लढवण्याचे हे कसब पात्र मेल्यावरही आपल्यापाशी राहते.

कॅरमच्या बोर्डावरही दर डावाला त्याच नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या आणि तीच राणी असते. डाव संपून सोंगट्या पुन्हा मध्यभागी मांडताना मेहनत वाया गेली, असे कुणी म्हणत नाही. ‘टेट्रिस’मध्ये तर अवघे सात आकार आहेत. त्याची १९८९ सालची निन्टेन्डोवरची आवृत्ती २९व्या लेव्हलपुढे जाऊच शकत नाही, असे वर्षानुवर्षे मानले जात होते, कारण तुकडे तिथे बोटांपेक्षा जलद पडू लागतात. मग खेळाडूंनी बटणे दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या आणि डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने १५७व्या लेव्हलपर्यंत मजल मारली, तेव्हा गेमच गोठून बंद पडला. चौतीस वर्षे तेच सात आकार पडत होते आणि माणसे त्यांतून नवे काही शिकत होती.

‘हेडीज’बद्दल मात्र मी आपल्या बाजूने थोडे बोलेन. २०२० सालच्या या गेमचे कौतुक बहुतेक सगळे करतात, पण त्यातल्या खोल्या वीसेक प्रयत्नांनंतर तोंडपाठ होतात, हे खरेच आहे. त्याला तारून नेतात ते सहा हत्यारांचे वेगवेगळे स्वभाव आणि त्याहूनही घरातली माणसे. प्रत्येक मरणानंतर पाताळातून पळू पाहणारा नायक बापाच्या महालात परततो आणि तिथली पात्रे मागच्या प्रयत्नात काय घडले, याबद्दल नवे काही बोलतात. कथेचा मुख्य धागा पूर्ण व्हायला दहा वेळा यशस्वी सुटका करावी लागते आणि दहा हा आकडा मला जास्त वाटतो. लढाईपेक्षा विचार करायला आवडत असेल, तर ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा गेम घेऊन पाहावा. त्यात घाई नसते आणि एक खेळी साधारण तासाभरात आटोपते.

प्रश्न : टर्न-बेस्ड लढाया आता कालबाह्य झाल्या आहेत, असे सगळे म्हणतात. मला त्याच आवडतात. मी जुन्या वळणाचा आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पाळीपाळीने लढण्यात जुनाट असे काही नाही. बुद्धिबळही तसेच खेळतात. लोकांना वीट आला आहे तो पावलोपावली अचानक उभ्या राहणाऱ्या किरकोळ लढायांचा. १९८६ सालचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ जेमतेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. एवढ्याशा जागेत लांबलचक प्रवासाचा अनुभव द्यायचा, तर त्याच शत्रूंशी पुनःपुन्हा लढवून ताकद कमवायला लावणे, हा व्यवहार्य मार्ग होता. जागेची अडचण संपल्यावरही अनेकांनी तो सोडला नाही, हे चुकलेच. यावर उपाय मात्र तीस वर्षांपूर्वीच सापडले होते. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या आणि पुढे ‘अर्थबाउंड’ नावाने अमेरिकेत गेलेल्या गेममध्ये शत्रू फारच दुबळा असेल, तर लढाई सुरू न होताच आपण जिंकतो. जिथे ठरवण्याजोगे काही नाही, तिथे खेळणाऱ्याचा वेळ घ्यायचा नाही, इतकी साधी समज त्यामागे आहे आणि ती आजच्या कितीतरी महागड्या गेममध्ये दिसत नाही.

प्रश्न : मी गेम खेळत नाही. मुलगा नववीत आहे. रोज संध्याकाळी मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा बंदुकांच्या लढाईचा गेम खेळतो. तेच बेट, त्याच बंदुका. वर्षभर हेच चालले आहे. त्याला कंटाळा कसा येत नाही? हे व्यसन समजायचे का? — एक आई, नांदेड

उत्तर : ताई, बाहेरून पाहणाऱ्याला तेच दिसते, हे अगदी स्वाभाविक आहे. वीस वर्षांपूर्वी मी सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून मित्रांबरोबर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत असे, तेव्हा कॅफेचे मालकही हाच प्रश्न विचारत. आम्ही सदैव ‘डस्ट २’ या एकाच मॅपवर खेळायचो. तरी एक राउंड दुसऱ्यासारखा होत नसे. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे गेममधले ८०० डॉलर असत आणि एके-४७ या बंदुकीची किंमत होती २५००. हरलो, तर पुढच्या राउंडला उरलेले पैसे खर्च करायचे की पिस्तुलावर भागवून साठवायचे, यावर पाच जणांची कुजबुज चाले. समोरचे पाच जणही तसाच विचार करत असणार, हे धरून आमचे ठरे.

आपल्या मुलाच्या गेममध्येही तसेच आहे. एरांगेल हे बेट आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद आहे. त्यावर शंभर जण विमानातून उतरतात आणि शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. विमानाचा मार्ग दर सामन्याला वेगळा असतो आणि ज्याच्या आत राहावे लागते ते आकसत जाणारे वर्तुळ शेवटी कुठे थांबेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. माणसांविरुद्ध खेळलेला खेळ लवकर शिळा होत नाही. क्रिकेटची खेळपट्टीही बावीस यार्डांचीच असते.

याच गेममध्ये दुसऱ्या जातीचे आवर्तनही आहे आणि त्याबाबत आपण सावध राहावे, असे मला वाटते. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, रोजची ठरावीक कामे, हंगाम बदलला की खाली घसरणारी श्रेणी आणि ती परत मिळवण्याची धडपड यांत शिकण्यासारखे काही नसते. मुलाने उद्याही यावे, एवढ्यासाठी ते योजलेले असते. २०२३ साली हा गेम बंदीनंतर परत आला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. नववीतल्या मुलासाठी मला तीही फार वाटते.

व्यसन आहे की नाही, हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही. झोप, जेवण, अभ्यास आणि मित्र यांतले काही सुटत चालले असेल, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नये. तसे नसेल, तर एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून एक पूर्ण सामना पाहावा आणि तो कुठे उतरतो, तिथेच का, वर्तुळ दूर गेले तर काय करणार, हे त्याला विचारावे. तो भरभरून सांगू लागला, तर वेळेची हद्द त्याच्याशीच बोलून ठरवता येईल. हंगाम संपत आलाय, श्रेणी जाईल, एवढेच उत्तर मिळाले, तर आधी ती रोजची कामे आणि हजेरी बंद करून पाहावी आणि महिनाभराने मला पुन्हा अवश्य लिहावे.