‘नुसता रिवाज’ म्हणून काय काय टाकशील?

प्रिय बेटी,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सातवीनंतर खेडची मराठी शाळा सोडून बर्मिंगहॅमला आलीस, तरी ऱ्हस्व-दीर्घ अजून जागेवर आहेत. माझ्या पोरांना मी एवढंही देऊ शकलो नाही.

कुठे स्फोट झाला की वर्ग तुझ्याकडे बघतो, म्हणतेस. जुलै २००५ मध्ये लंडनला स्फोट झाले तेव्हा कारखान्यात माझ्याकडेही असेच बघायचे. आठवडाभर मी खुलासे देत राहिलो. वाईट वाटलं एवढं सांगून कामाला लागायला हवं होतं. सगळ्या मुसलमानांचं वकीलपत्र तुला कुणी दिलंय? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ३९ लाख लोकांनी धर्म इस्लाम लिहिला. त्यांचं ईदच्या चंद्रावरूनसुद्धा एकमत होत नाही!

दारू असलेल्या पार्टीत कसं वागायचं, असं विचारलंस; तर आपल्या बर्मिंगहॅमचा क्रिकेटपटू मोईन अली आठव. २०१९ चा विश्वचषक जिंकल्यावर शॅम्पेन उडायच्या आत तो आणि आदिल रशीद हसत बाजूला पळाले. ना भाषण, ना माफी. संघात होते तसेच राहिले.

मला काळजी वाटली ती तुझ्या एका वाक्याची: ‘हा धर्म नाही, नुसता रिवाज आहे.’ इथं जन्मलेल्या तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांच्या तोंडी ते ऐकतो. वाक्य कामाचं आहे. कोकणी मुसलमानांच्या जमातीबाहेर लग्न नको म्हणणाऱ्या तुझ्या दुसऱ्या चाचांना तू त्यानंच गप्प केलंस, छान केलंस. पण त्याच केरसुणीनं दादीची बोली, तिची लग्नातली गाणी, ईदची सांदणं, सगळंच उंबऱ्याबाहेर लोटायला निघालीस. मग उरेल तो व्हिडिओ बघून पाठ केलेला, कुठल्याच गावचा नसलेला दीन, म्हणजे धर्म. तुला पहिला कलमा कुणी शिकवला? दादीनंच ना? अर्थ तिनं अरबीत नव्हता सांगितला.

जे अन्याय करतं ते टाक. जे नुसतं जुनाट वाटतं, त्याला थोडा वेळ दे.

या रविवारी दादीला फोन लाव. लग्नातलं एखादं गाणं म्हणायला सांग आणि रेकॉर्ड कर. तुझी कोकणी ऐकून ती हसेल. हसू दे.

तुझा,
चाचा