रोजची कंबरदुखी की खडा?

प्रश्न: सहा वर्षं कंबर दुखतेय, त्यात आता ४ एमएमचा मुतखडा निघालाय. कळ आली की घरचे म्हणतात तुझं रोजचंच आहे. ओळखायचं कसं?

उत्तर: रोजचं असलं म्हणून कमी दुखतं असं नाही हो, हे आधी घरच्यांना वाचून दाखवा. कंबर बहुतेकदा कूस बदलली की थोडी तरी ऐकते, खड्याची कळ मात्र लाटांसारखी येते, बरगडीखालून जांघेत उतरते आणि माणूस नुसता येरझाऱ्या घालतो. एवढा खडा बहुधा आपोआप पडतो, लघवी गाळा, सापडला तर डबीत ठेवून तपासायला द्या. कंबरेची पेनकिलर चालू असताना दुसरी मनाने घेऊ नका, काही गोळ्या किडनीलाच बाधतात. थंडी-ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठा.