कॅबिनेटला हात लावला की झिणझिण: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळीत कॉम्प्युटर आणि त्याच्या सामानाची नवीन खरेदी झाली की पुढचे दोन महिने या सदराला पत्रांचा पूर येतो, यंदाही तसंच झालंय. सगळी छापता येत नाहीत म्हणून पाच निवडली. निवडताना एक गोष्ट परत जाणवली, काही पत्रांत वस्तू चांगली आहे आणि खोट घराच्या वायरिंगमध्ये नाहीतर टेबलाच्या उंचीत आहे, आणि काही पत्रांत गिऱ्हाइकाला सरळ सरळ फसवलंय. दोन्हीकडे माणूस सारखाच वैतागलेला असतो, त्यामुळे आधी खोट नेमकी कुठे आहे ते बघू, मग कुणाशी भांडायचं ते ठरवू.

प्रश्न: सर, आमचं घर राजापूर तालुक्यात, जुनं कौलारू घर आहे. मुलासाठी असेंबल्ड पीसी घेतला, ३८ हजार गेले. आता कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हात लागला की झिणझिण होतं, अनवाणी असलं की जास्तच. दुकानदाराला दोनदा फोन केला, तो म्हणतो आमच्याकडे टेस्ट केला तेव्हा काही नव्हतं. एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लायचा डबा, बदलून द्यायला तयार नाही. मुलाला हात लावू द्यायची भीती वाटते, काय करावं?

उत्तर: दादा, आधी मशीन बंद करा आणि प्लग काढून ठेवा, उत्तर वाचून काम होईपर्यंत मुलाला बसवू नका. आणि दुकानदारावरचा राग जरा बाजूला ठेवा, कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून तो बहुतेक खरं बोलतोय.

एसएमपीएसच्या आत वीज शिरते त्या ठिकाणी फिल्टर असतो, त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थिंगला आणि एक न्यूट्रलपासून अर्थिंगला जोडलेला. कॅबिनेटचा पत्रा त्याच अर्थिंगला जोडलेला असतो. भिंतीतलं अर्थिंग नीट असेल तर या कपॅसिटरमधून झिरपणारा थोडासा करंट गुपचूप जमिनीत जातो, कुणाला कळतही नाही. पण अर्थिंगच नसेल तर त्या पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास येऊन बसतात. करंट अगदी कमी असतो म्हणून झिणझिण होते, माणूस फेकला जात नाही. चप्पल घातली की कमी लागतं आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की जास्त, ते याचमुळे. दुकानात अर्थिंग आहे म्हणून तिथे काही लागलं नाही, एवढंच.

आता वायरमनला बोलवा आणि तुमच्यासमोर मल्टीमीटर लावायला सांगा, टेस्टरवर भागवू नका. थ्री पिनच्या सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या जवळपास आले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त यायला नकोत. फेज-अर्थिंगमध्ये ६०, ८०, १०० असं काहीतरी अधांतरी दाखवलं तर वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा मुळात ओढलेलीच नाही, जुन्या घरात बऱ्याचदा फक्त सॉकेट थ्री पिनचं बसवतात आणि मागे दोनच वायरी असतात. अर्थिंगचा खड्डा असेल तर तोही बघा. आपल्याकडे जांभा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, कोळसा-मीठ घातलेला जुना खड्डा असला तर त्यात पाणी ओतत राहावं लागतं, नाहीतर अर्थिंग नावालाच उरतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर उचलून अर्थिंगच्या पिनला जोडून देतात आणि म्हणतात, झालं काम. झिणझिण थांबते पण. पण उद्या कुठे न्यूट्रल तुटला की अख्खे २३० व्होल्ट तुमच्या कॅबिनेटवर येतील, आणि ते झिणझिणण्यावर थांबणार नाहीत. असं करू देऊ नका, करून ठेवलं असेल तर काढायला लावा. वेगळा अर्थिंग रॉड ठोकून घ्या आणि मेनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. मोठ्या शहरातल्या वाचकांनी पण एक्स्टेंशन बोर्ड बघावा, टू पिनवाला स्वस्त बोर्ड घेतला किंवा कुणी तिसरी पिन मोडून घातली असेल तर चांगल्या अर्थिंगच्या घरातही हेच होतं.

हे सगळं झाल्यावर मीटरवर आकडे बरोबर आले आणि तरीही झिणझिण राहिली, तर मात्र पॉवर कॉर्ड आणि एसएमपीएस दुकानदाराकडून बदलून घ्या, तेव्हा तुमची बाजू पक्की असेल.

प्रश्न: अकोल्याहून लिहितोय. गेमिंग पीसी घेतला, त्यात ६५० वॅटचा चांगला गोल्ड रेटिंगचा एसएमपीएस आहे, सोबत दुकानातूनच ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. लाइट गेली की यूपीएस बीप करतो आणि पीसी त्याच क्षणी बंद. नुसतं ब्राउझिंग चालू असेल तर कधी कधी टिकतो. यूपीएसवाल्यांचा माणूस येऊन बल्ब लावून गेला, म्हणाला एकदम ओके. मग पैसे फुकट गेले का?

उत्तर: फुकट नाही पण चुकीच्या ठिकाणी गेले, आणि यात दुकानदाराची चूक आहे, कारण दोन्ही वस्तू त्यानेच एकत्र विकल्यात.

खोक्यावरचं ६०० व्हीए बघून माणसाला वाटतं ६०० वॅट. तसं नसतं, या साइजचे यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच देतात. दुसरीकडे तुमच्या एसएमपीएसवरचे ६५० वॅट म्हणजे त्याची जास्तीत जास्त ताकद, तो कायम तेवढी वीज ओढत नाही. ब्राउझिंगला असा पीसी शंभराच्या आत असतो, गेम चालू झाला की ग्राफिक्स कार्डनुसार अडीचशे-साडेतीनशे सहज जातो, वर मॉनिटर. मग लाइट जायच्या क्षणी गेम चालू असेल तर यूपीएस हात टेकतो. तुम्ही लिहिलेलं "कधी कधी टिकतो" हे त्यामुळे.

दुसरं कारण जास्त बारीक आहे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो. बल्बला काही फरक पडत नाही, म्हणून त्या माणसाच्या टेस्टमध्ये ओके आलं. पण हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, त्यातल्या काहींना ही पायऱ्यांची लाट चालत नाही, ते सरळ बंद पडतात.

घरीच तपासा. सेव्ह केलेलं काम बंद करून, नुसता डेस्कटॉप चालू ठेवून यूपीएसचा भिंतीतला स्विच ऑफ करा. तेव्हाही लगेच बंद पडला तर लाटेचा किंवा बॅटरीचा प्रश्न, टिकला आणि गेममध्येच बंद पडला तर लोडचा. बॅटरी आत साधी १२ व्होल्ट ७ एएचची असते, आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षं नीट चालली की पुष्कळ, विदर्भात तर पंख्याखाली ठेवा. यूपीएस नवीन असूनही बॅटरी गोडाऊनमध्ये पडून मेलेली निघते, त्यामुळे तिची तारीख बघा. लेझर प्रिंटर यूपीएसला लावला असेल तर आधी काढा, रोलर तापताना तो एका झटक्यात शेकडो वॅट मागतो.

बदलूनच घ्यायचा तर प्युअर साइन वेव्ह लिहिलेला, १००० व्हीए किंवा वरचा घ्या. महाग पडेल, खोटं कशाला सांगू. पण जुना दुकानदाराला परत घ्यायला लावून फरक भरा, दोन्ही एकाच बिलावर असतील तर त्याला टाळता येणार नाही.

प्रश्न: १ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क घेतली, कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दाखवतो. ६९ जीबी कुठे गेले? परत करू का? (वाचक, सांगली)

उत्तर: परत करू नका, डिस्क बरोबर आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, मोजमापाचा फरक आहे, जागा तेवढीच. हां, पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह कुणी देत असेल तर तिथे मात्र खरी फसवणूक असते, तो कॉम्प्युटरवर २ टीबी दाखवतो आणि आत असतात ३२-६४ जीबी, त्यापुढे टाकलेले फोटो कायमचे गेले. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतं. घेतल्या घेतल्या पहिल्या रात्री ते चालवून झोपा.

प्रश्न: माझी उंची पाच फूट एक इंच. वर्क फ्रॉम होमसाठी ऑनलाइन गेमिंग चेअर घेतली, १४ हजारांची, रिव्ह्यू चांगले होते. टेबल सुताराकडून करून घेतलंय ३० इंची. दोन महिन्यांत मान आणि खांदे भरून यायला लागले. खुर्ची खराब आहे का? ऑफिसचे पैसे मिळाले म्हणून घेतली होती, आता वाईट वाटतंय.

उत्तर: ताई, वाईट वाटून घेऊ नका, खुर्चीत दोष असेलच असं नाही. आज संध्याकाळी एक काम करा, पाय जमिनीवर पूर्ण टेकतील एवढी खुर्ची खाली घ्या, दंड अंगाला सैल सोडा, कोपरात हात काटकोनात वाकवा आणि घरातल्या कुणाला तरी टेपने जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. तुमच्या उंचीला ते २४-२५ इंचाच्या आसपास भरेल. कीबोर्ड त्या उंचीवर हवा. तुमचं टेबल ३० इंची, म्हणजे तुम्ही आठ-आठ तास खांदे उचलून टाइप करताय. ते दुखणारच हो.

खुर्ची वर घेतली की हात बरोबर येतात पण पाय लोंबकळतात आणि सीटची कड मांडीखाली रुतते. त्यावर घरात उपाय आहे, जेवायला बसायचे दोन लाकडी पाट एकावर एक ठेवून त्यावर पाय ठेवा. विकतचा फूटरेस्ट चांगलाच असतो, पण आधी पाटावर आठवडाभर बघा किती उंची लागते. कायमचं करायचं तर त्याच सुताराला बोलवून टेबलाचे पाय कापून घ्या, ड्रॉवर नसेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त एकदम चार इंच कापू देऊ नका, दोन कापा, बसून बघा, मग पुढचे.

खुर्चीची एकच गोष्ट तपासा. पाठ पूर्ण मागे टेकवून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यात दोन-तीन बोटं जायला हवीत. गेमिंग चेअर उंच माणसांच्या मापाच्या असतात, सीट खोल असते. बोटं जातच नसतील तर ती खुर्ची तुमच्या मापाची नाही आणि पाठीमागे उशी लावून तात्पुरतंच भागेल. आणि लॅपटॉप असेल तर चार जाड वह्या घालून स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा, कीबोर्ड वेगळा घ्या, मान त्यामुळेच भरते. दुखणं हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, माझ्या उत्तरावर थांबू नका.

प्रश्न: मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला, १९,५०० रोख दिले. आय फाइव्ह आहे आणि विंडोज ११ आहे असं सांगितलं. आता मुलीचा मित्र म्हणतो प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, ११ त्यावर चालतच नाही, हे कसंतरी टाकलंय. दुकानदार म्हणतो चालतंय ना मग काय प्रॉब्लेम. पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलंय. पावतीवर जीएसटी नंबर नाही.

उत्तर: मुलीचा मित्र बरोबर सांगतोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. त्यामुळे देशभरातल्या ऑफिसांतून सहाव्या-सातव्या पिढीची जुनी मशीन्स बाजारात येतायत आणि तपासणी चुकवून त्यावर ११ टाकून विकली जातायत. चालतं, खरंय, पण अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. प्रोसेसरचा नंबर बघा, ७२०० यू असेल तर सातवी पिढी, ८२५० यू असेल तर आठवी, सुरुवातीचा आकडाच सांगतो.

आता पावती. मी पण या अनुभवातून गेलोय, काही वर्षांपूर्वी एका दुकानातून एसएसडी घेतली, ओळखीचा माणूस म्हणून कच्च्या चिठ्ठीवर घेतली, घरी सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी चौदा महिने आधीच सुरू झालेली. कुणाची तरी वापरून परत केलेली. पक्कं बिल नव्हतं म्हणून मी गप्प बसलो, आजही ते खटकतं. तुम्ही गप्प बसू नका.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीये. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. तेव्हा "परत घेतला जाणार नाही" छापलं म्हणून दुकानदार सुटत नाही. आधी त्याला व्हॉट्सॲपवर लिहा, तोंडी नको: अमुक तारखेला अमुक मॉडेल रोख १९,५०० ला घेतलं, तुम्ही विंडोज ११ चं मशीन म्हणून विकलं, प्रोसेसर त्याला पात्र नाही, पक्कं बिल द्या आणि मशीन बदला किंवा पैसे परत करा. सोबत पावतीचा, खालच्या स्टिकरचा आणि प्रोसेसरच्या स्क्रीनचा फोटो. उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. तरी नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असंही नाही.

दरम्यान मुलीला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट टाइप करायला सांगा, इंग्रजीत. एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर तेही तक्रारीत लिहा. दोन्ही आकडे आणि दुकानदाराचं उत्तर मला कळवा, पुढच्या अंकात जागा ठेवतो.