किनारा दिसतो आहे, म्हणून निर्धास्त राहावे का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि ९ व ५ वर्षांची दोन मुले असे चौघे जण १० मीटर लांबीच्या शीडबोटीवर वर्षभर राहून किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करण्याच्या विचारात आहोत. जमीन नजरेच्या टप्प्यात असली की धोका कमी, असे आम्ही धरून चाललो आहोत. ते बरोबर आहे का? रोज किती अंतराचा बेत आखावा आणि मुलांची कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आपले गृहीतक अर्धेच खरे आहे. मदत आणि दवाखाना जवळ असतो, एवढ्यापुरता किनारा सोयीचा. परंतु वारा जमिनीच्या दिशेने जोरात वाहत असताना इंजिन बंद पडले किंवा शीड फाटले, तर बोट त्याच किनाऱ्यावर ढकलली जाते. खोल समुद्रात शिडे आवरून वारा ओसरेपर्यंत वाहत राहता येते. जमिनीलगत तेवढी मोकळी जागाच उरत नाही. खडक, उथळ पट्टे आणि मासेमारीची जाळीही तिथेच अधिक भेटतात. म्हणून वारा किनाऱ्याकडे वाहत असेल त्या दिवशी जमिनीपासून बरेच अंतर राखावे, किंवा सरळ मुक्काम वाढवावा.

ताशी ५ सागरी मैल वेगाने ८ तासांत ४० मैल होतात, हा झाला कागदावरचा हिशेब. शीडबोट वाऱ्याच्या तोंडावर थेट जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन राखून नागमोडी जावे लागत असल्याने समोरून वारा असता ३० मैलांवरचे बंदर सुमारे ४२ मैलांवर जाते. मुले सोबत असताना २५ मैलांचा बेत पुरेसा आहे. अमुक तारखेला अमुक बंदरात भेटू, असे नातेवाइकांना कळवून ठेवू नये. दिलेल्या तारखेपायी नको त्या हवेत बोट बाहेर काढण्याचा मोह अनुभवी माणसांनाही आवरत नाही.

आपण न विचारलेला, पण रात्रीची झोप ज्यावर अवलंबून आहे तो विषय नांगराचा. साखळी किती सोडायची, हे केवळ त्या क्षणीच्या खोलीवरून ठरवू नये. ओहोटीला ५ मीटर पाणी असेल, भरतीने ते २ मीटर चढणार असेल आणि बोटीचे नाक पाण्यापासून १ मीटर उंच असेल, तर हिशेब ८ मीटरचा धरून त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर साखळी सोडावी. नुसत्या खोलीच्या पाचपट, म्हणजे २५ मीटरच सोडली, तर भरतीच्या वेळी प्रमाण जेमतेम तिपटीवर येते, ओढ तिरपी होऊन नांगर उखडतो आणि हे बहुधा मध्यरात्री घडते. वारा फिरला की बोटही नांगराभोवती फिरते. तेवढा घेर शेजारच्या बोटींपासून मोकळा हवा.

मुलांसाठी लाइफ जॅकेट त्यांच्या वजनाप्रमाणे घ्यावे आणि त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा. तो नसल्यास पाण्यात जॅकेट वर सरकून डोक्यातून निघू शकते. ‘मोठेपणी होईल’ म्हणून सैल घेण्याची आपली सवय इथे घातक आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास बोटीच्या तळाशी साचतो आणि खिडकी उघडून जात नाही. त्यामुळे सिलिंडर वर, बोटीबाहेर निचरा होणाऱ्या कप्प्यातच ठेवावा. चालत्या बोटीवर धाकट्याला बांधायचा दोर कठड्यापलीकडे पोहोचणार नाही इतका आखूड असावा, कारण लांब दोराने मूल बोटीला बांधलेले राहते खरे, पण राहते पाण्यात.