चाळीस पोरं आणि एकच तारीख

प्रश्न: नमस्कार सर. लेकाच्या ट्यूशनला 40 पोरं आहेत, तिथल्या सरांनी पैज लावली की तुमच्यात कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला निघणार, आणि निघाला की खरंच. मी हिशोब केला, दिवस 365, पोरं 40, म्हणजे जेमतेम 11 टक्के चान्स. सरांनी रजिस्टर बघून ठेवलं होतं का? आणि नसेल तर माणसानं अंदाजावर भरोसा ठेवावा की नाही?
– एक आई, उदगीर

उत्तर: ताई, सरांवर शक घेऊ नका. रजिस्टर न बघता 40 जणांत ही पैज जिंकायचा चान्स 89 टक्के असतो. तुमचा हिशोबही तसा वाईट नाही, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. "माझ्या लेकाच्याच तारखेचं अजून कुणी आहे का?" असं विचारलं तर उत्तर साधारण 10 टक्के येतं. आपलं मन गुपचूप स्वतःला नाहीतर लेकराला मधी उभं करतं आणि तिथून मोजायला लागतं. सरांना मात्र कुणाचीही कुणाशीही जोडी चालणार होती, आणि 40 पोरांत जोड्या होतात 780!

आता कुणाचीच जोडी न जमायचा हिशोब बघा. दुसऱ्या पोराला 365 पैकी 364 दिवस मोकळे, तिसऱ्याला 363, असं करत चाळिसाव्याला 326, हे सगळे अपूर्णांक गुणत गेलं की शेवटी 11 टक्क्यांच्या आतच उरतं (तुमचेच 11 टक्के, पण उलट्या बाजूनं!). 23 जण असले तरी चान्स अर्ध्याच्या वर जातो. आणि खास तुमच्याच तारखेचं माणूस सापडायचा चान्स अर्धा व्हायला दुसरे 253 लोक लागतात.

अंदाजाचं म्हणाल तर लातूरच्या आडतीत मुरलेला माणूस सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतो आणि बऱ्यापैकी बरोबर सांगतो, कारण मशीन लगेच खरं-खोटं करतं आणि हे रोज चालतं. वाढदिवसाच्या जोड्या कोण मोजत बसतंय, त्यामुळं तिथं चुकलो तरी कळत नाही.

आणि हो, हा हिशोब सगळ्या तारखा सारख्या धरून आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांवर करून बघणार असाल तर आधारकार्डावरची तारीख धरू नका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी कितीजणांना 1 जून लावून टाकलाय, तिथं पाच-सहा जणांतच जोडी निघेल.