कौटुंबिक इतिहास : विशेष नाही

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पहाटे वाचला. भूल देताना स्नायू ढिले करणारं स्कोलीन दिलंस, श्वासाची ट्यूब टाकलीस, अपेंडिक्स निघालं आणि पोरगा श्वासच घेईना. पाच-दहा मिनिटांत उतरणारं औषध चार तास उतरलं नाही. डोस बरोबर होता, तरी ऑपरेशन थिएटरमध्ये, ओटीत, सगळ्यांसमोर बोलणी तुलाच बसली. आणि आता तू मला विचारतेस, ‘सर, त्याची जनुकं मला कशी दिसणार होती?’

नसतीच दिसली. पण त्याचं घर ओटीच्या दाराबाहेर बाकावर बसलं होतं. त्यांना काय विचारलंस?

भूल देण्याआधीच्या तपासणीच्या, पीएसीच्या कागदावर ‘कौटुंबिक इतिहास : विशेष नाही’ असं लिहिलं असशील. मीही कित्येक वर्षं तेच लिहिलं. डायबेटीस आहे का, बीपी आहे का, दमा आहे का, संपलं. घर विचारायचं म्हणजे हे नव्हे.

स्कोलीन मोडून काढतं ते रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम. दिलेल्या डोसातला बहुतेक भाग स्नायूंपर्यंत पोचायच्या आतच ते संपवून टाकतं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं, की नेहमीचाच डोस तासन्‌तास पुरतो. एरवी माणूस ठणठणीत. खातो, शेतात राबतो, लग्न करतो. ते औषध नसेत जाईपर्यंत त्याला स्वतःलाही काही कळत नाही. वर्नर कॅलो यांनी 1957 साली टोरांटोत हे एन्झाइम बिघडलेलं आहे का ते ओळखणारी डिब्युकेन नंबरची चाचणी बसवली. हे वारशाने येतं हे दाखवायला त्यांनाही रुग्णांच्या नातेवाइकांचं रक्त तपासावं लागलं. जे काही कळलं ते घरातूनच कळलं.

आता माझं ऐक. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रीचे दोन, असाच एक पोरगा. ऑपरेशन संपलं म्हणून मी गॅस बंद केला आणि तो उठेल म्हणून वाट पाहत राहिलो. तो उठेना. मी आणि सर्जन त्याच्या डोक्याशी उभे राहून वाद घालत होतो, डोस कोणी भरला, किती भरला. नाडी 130. डोळ्याच्या कडेने पाणी ओघळत होतं, ते मी कापसाने टिपलं आणि भूल हलकी आहे हे कळायला मला आणखी काही मिनिटं लागली. मग झोपेचं औषध दिलं आणि पहाटेपर्यंत हाताने बॅग दाबली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘मला सगळं ऐकू येत होतं, फक्त बोट हलत नव्हतं.’ म्हणून पहिलं हे पाठ कर: अशा वेळी श्वास देत राहायचं आणि झोपवून ठेवायचं. इतर स्नायू ढिले करणारी औषधं उतरवायला देतात त्या निओस्टिग्मिनची घाई करायची नाही. ते उरलंसुरलं एन्झाइमही दाबतं.

बॅग मी सोडली नाही, एवढं मी आजही ठामपणे सांगतो. पण त्याच्या आजीने वॉर्डात सांगितलं होतं, ‘याचा चुलता पण असाच टेबलावर पडून राहिला होता.’ मी मान डोलावली आणि निघून आलो. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहिली नाही. नातेवाइकांना घाबरवू नका असं वरून सांगितलं गेलं होतं, तपासणी जवळपास कुठे होत नव्हती, माझ्यावर रोजच्या आठ-दहा केसेस होत्या. हे सगळं खरं आहे. तरी चार वर्षांनी त्याच्या बहिणीला दुसऱ्या तालुक्यात सिझेरियनसाठी तेच औषध दिलं गेलं. तिथे व्हेंटिलेटर नव्हता. बॅग दाबत दाबत तिला जिल्ह्याला आणलं. बाई वाचली, बाळ वाचलं. तिची आई मला शोधत आली आणि एवढंच म्हणाली, ‘तुम्हाला ठाऊक होतं ना?’

तेव्हापासून मी घर विचारतो. रेसिडेंट कंटाळतात, ओटीची लिस्ट लांबते, लांबू दे. ‘ॲलर्जी आहे का’ विचारलंस तर नाहीच म्हणतील. ‘तुमच्यात कोणी ऑपरेशननंतर उशिरा उठलं का, मशीनवर ठेवावं लागलं का’ असं विचार. फाइल धरून उभ्या असलेल्या मुलाला विचारू नकोस, आई-आजीला विचार. बाळंतपणं आणि ऑपरेशनं त्यांच्याच लक्षात असतात. टीबीच्या इंजेक्शनने मामाला बहिरेपण आलं का, हेही त्यांनाच ठाऊक असतं. काही घरांत त्या इंजेक्शनने कान जाण्याचा दोष आईकडून येतो, आणि मामाचे कान गेले तर भाच्यालाही ते इंजेक्शन जपूनच द्यायला हवं.

तुझ्या मॅडम म्हणाल्या, ‘आडनाव बघून कळायला हवं होतं.’ अर्धं बरोबर. आर्य वैश्य समाजात स्कोलीन न पचण्याचा हा दोष इतरांहून कितीतरी जास्त सापडतो, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या 2017 च्या अभ्यासातही ते आलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं झाली की असं होतं. पण त्या समाजातल्या बहुतेकांना स्कोलीन नीट पचतं, आणि बाहेरच्याही काहींना पचत नाही. आडनावावरून सावध हो, पण प्रश्न घरालाच विचार. कीटकनाशकाच्या केसेसना आपण याच एन्झाइमची जी सीरम कोलिनेस्टरेज तपासणी करतो, तीच इथे चालते. मात्र फवारणी, यकृताचा आजार, गरोदरपण यांनीही आकडा खाली येतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा कर.

भूलशास्त्राची ब्रँच सोडायचा विचार आज बाजूला ठेव. पोरगा अजून वॉर्डात आहे ना? त्याला मराठीत चिठ्ठी लिहून दे: ‘मला स्कोलीन किंवा मिव्हाक्युरियम देऊ नये. श्वास परत यायला कित्येक तास लागतात.’ खाली तुझी सही, तारीख. लॅमिनेट करून घे, पाकिटात राहील. त्याला दोन बहिणी आहेत म्हणालीस. प्रत्येकीला हा दोष असण्याची शक्यता चारात एक. थोरली सातव्या महिन्यात आहे, तिच्या डॉक्टरांना आजच फोन कर. स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम आहे, ते उतरवायला सुगामाडेक्स आहे, फक्त त्यांना आधी कळायला हवं. धाकटी डबा घेऊन येते म्हणालीस ना, संध्याकाळी आली की तिचं रक्त घे. आकडे आले की मला कळव, कितीही वाजलेले असोत.

तुझा,
सर